यादीतलं गाव

१३ मे २००५ ला शुक्रवार होता. अमेरिकेत १३ तारीख आणि शुक्रवार एकत्र आले की लोक त्यावर विनोद करतात आणि मनातून थोडे टरकलेलेही असतात, आपल्याकडे अमावास्येला कोणी नवी गाडी घरी आणत नाही त्यातलाच प्रकार. त्या सकाळी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या खात्याने बंद करायच्या लष्करी तळांची यादी जाहीर केली. ३३ मोठे तळ. त्यात ग्रोटनचा पाणबुड्यांचा तळ होता, आणि मी तेव्हा ग्रोटनमधे राहत होते.

ग्रोटन हे कनेक्टिकटच्या आग्नेय कोपऱ्यातलं, न्यूयॉर्कहून बोस्टनला जाताना पुलावरून दिसतं न दिसतं तोवर मागे पडणारं शहर. शहर म्हणायचं म्हणून, वस्ती ४० हजारांच्या आसपास. नदीचं नाव थेम्स. स्पेलिंग लंडनच्या नदीचंच, पण इथे लिहिलंय तसंच म्हणतात आणि तुम्ही ‘टेम्स’ म्हणालात की बाहेरून आलेले हे समोरच्याला लगेच कळतं. पलीकडच्या काठावर न्यू लंडन. तळाच्या नावात न्यू लंडन आहे पण तळ मात्र ग्रोटनच्या बाजूला. १८६८ मधे राज्याने ही जमीन नेव्हीला देऊन टाकली, १९१५ मधे पहिल्या पाणबुड्या आल्या आणि पुढच्याच वर्षी तो रीतसर पाणबुडी तळ झाला. नदीच्या तोंडाकडे इलेक्ट्रिक बोट, म्हणजे पाणबुड्या बांधणारी कंपनी. १९५४ च्या जानेवारीत नॉटिलस, अणुशक्तीवर चालणारी जगातली पहिली पाणबुडी, तिथूनच पाण्यात उतरली, मेमी आयझेनहॉवर यांनी बाटली फोडली. ती नॉटिलस आता तळाच्या गेटाबाहेर म्युझियम म्हणून उभी आहे. तिकीट नाही, त्यामुळे भारतातून आईवडील आले की इथली यच्चयावत देसी मंडळी त्यांना तिथे नेतातच. माझ्या बाबांना मी दोनदा नेलंय. खालचे बंक बघून ते म्हणाले, यापेक्षा आपली लोकलची लगेज रॅक बरी.

तर अशा ठिकाणी ही बातमी आली. मी एका लॅबमधे कामाला होते, तिथे त्या सकाळी कोणी पिपेटला हात लावला नाही. एकीचा नवरा तळावर सिव्हिलियन इलेक्ट्रिशियन, एकीचा भाऊ इलेक्ट्रिक बोटमधे वेल्डर, आणि आमच्या कॅफेटेरियात कॅशवर बसणाऱ्या बाई तर नेव्हीतल्या नवऱ्याबरोबर चार गावं फिरून शेवटी इथेच घर घेऊन राहिलेल्या. नवरा रिटायर होऊन मासे पकडतो म्हणून त्यांना नोकरीची भीती नव्हती, घराची होती. सगळेच एकदम विकायला काढतील ना. पेंटागॉनचाच आकडा होता की साडेआठ हजारांच्या आसपास नोकऱ्या थेट जातील आणि आजूबाजूच्या दुकानं, शाळा, दवाखान्यांतल्या धरून १५ हजारांच्या वर. राज्य सरकार म्हणत होतं ३१,५००. म्हणजे पहिल्याच दिवशी आकड्यांची मारामारी सुरू झाली आणि ती पुढे सगळा उन्हाळा चालली.

इथे जरा हा कारभार कसा चालतो ते सांगायला पाहिजे, कारण सगळी गंमत त्यातच आहे. लष्करी तळ बंद करणं कुठल्याही खासदाराला परवडत नाही, स्वतःच्या मतदारसंघातला तर नाहीच. म्हणून अमेरिकन काँग्रेसने १९९० मधे कायदा करून स्वतःचेच हात बांधून घेतले. पेंटागॉन यादी देणार, एक स्वतंत्र कमिशन ती तपासणार, मग राष्ट्राध्यक्षांनी अख्खी यादी घ्यायची नाहीतर अख्खी परत पाठवायची, आणि काँग्रेसनेही तसंच. मधूनच एक तळ उचलून बाहेर काढायचा नाही. याला इकडे ब्रॅक म्हणतात. २००५ च्या कमिशनमधे नऊ जण होते, अध्यक्ष अँथनी प्रिन्सिपी. म्हणजे एखाद्या तळाला वाचायचं तर ते फक्त या नऊ जणांच्या टेबलावर.

आणि त्या टेबलावर काय बोलायचं याचेही नियम होते. एकूण आठ निकष. पहिले चार लष्करी उपयुक्ततेचे, त्यांना प्राधान्य. गावाच्या अर्थव्यवस्थेचं काय होईल हा मुद्दा त्यानंतरच्यांमधे कुठेतरी. तळ यादीतून काढायचा तर कमिशनला म्हणावं लागतं की संरक्षणमंत्री ठरलेल्या निकषांपासून आणि सैन्याच्या आराखड्यापासून बऱ्याच प्रमाणात ढळले. थोडक्यात, तुमच्या पोटावर पाय येतोय हे त्या टेबलावर फारसं उपयोगाचं नाही. तुम्ही सिद्ध करायचंय की पेंटागॉनचं गणित चुकलंय.

मला त्या उन्हाळ्यात याचंच सगळ्यात नवल वाटलं. गावभर लोकांच्या मनात एकच गोष्ट होती, घराचा हप्ता. सलूनमधे, शाळेच्या गेटवर, चर्चच्या पॅनकेक ब्रेकफास्टला सगळीकडे तेच. पण माइक समोर आला की तीच माणसं धक्क्यांची लांबी, पाण्याची खोली आणि अटलांटिकमधली सामरिक गरज यावर बोलायची! तळ वाचवायला जी समिती उभी राहिली त्यात पाणबुड्यांवर आयुष्य घालवलेले रिटायर्ड लोक होते, त्यांना पेंटागॉनची कागदं वाचता येत होती. त्यांनी नेमकं ओळखलं की रडायचं नाही, हिशोब तपासायचा. पेंटागॉन म्हणत होतं की तळ बंद करून २० वर्षांत १.६ अब्ज डॉलर वाचतील. यांनी त्या बेरजेतला एकेक आकडा उकरायला घेतला. पाणबुड्या व्हर्जिनियातल्या नॉरफोकला आणि जॉर्जियातल्या किंग्ज बेला हलवायच्या तर तिथे धक्के बांधायचा खर्च किती, सबमरीन स्कूल हलवायला किती, अनुभवी माणसं गाव सोडून येणारच नाहीत तर नवीन तयार करायला किती वर्षं.

यातला एक मुद्दा मला फार आवडला, कारण तो उलटा होता. तळ जुना, तिथली माती इतक्या दशकांच्या तेल, रसायनं आणि कचऱ्याने खराब झालेली, १९९० पासून तो सरकारच्या सुपरफंड यादीत म्हणजे देशातल्या सगळ्यात प्रदूषित जागांच्या यादीत आहे. एरवी गावाला हे लपवावंसं वाटलं असतं. त्या उन्हाळ्यात मात्र राज्याचे लोक ही घाण अभिमानाने पुढे करत होते की बघा, बंद केलात तर हे सगळं साफ करायला नेव्ही सांगतेय त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतील! रिचर्ड ब्लूमेंथल तेव्हा राज्याचे अॅटर्नी जनरल होते, तेही यात पुढे. राजकारणी झाडून सगळे एक झाले होते. गव्हर्नर जोडी रेल रिपब्लिकन, इथले खासदार रॉब सिमन्स रिपब्लिकन, सिनेटर डॉड आणि लीबरमन डेमोक्रॅट, आणि यादी काढणारं सरकार बुशचं. स्वतःच्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध बोलताना सिमन्सची काय अवस्था झाली असेल ते असो.

मी हे सगळं रविवारी फोनवर बाबांना सांगायचे. बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले. आमचं सगळं लहानपण त्या फॅक्टरीच्या भोंग्यावर चाललं, भोंगा झाला की दूध तापवायचं, भोंगा झाला की डबा. ती फॅक्टरी १८६९ ची, म्हणजे ग्रोटनच्या जमिनीपेक्षा एका वर्षाने लहान. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, जणू दोन्हीकडे पत्रिका जुळली. पण तळ बंद होणार यावर त्यांचा विश्वास बसेना. “अगं, सरकारी फॅक्टरी बंद होत नसते,” म्हणाले, “ऑर्डर कमी होतात, ओव्हरटाइम बंद होतो, भरती थांबते. कुलूप नाही लावत कोणी.” मी म्हटलं बाबा इथे लावतात, आणि आधी सांगून लावतात. त्यावर ते जरा गप्प बसले आणि मग म्हणाले, सांगतात हे बरंय.

पुढे २०१९ मधे आपल्याकडच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या युनियन्सनी फॅक्टऱ्यांच्या कंपन्या करायच्या बेताविरुद्ध महिनाभराचा संप पुकारला आणि तो काही दिवसांतच मागे घेतला, २०२१ मधे अशा संपांवर बंदी घालता येईल असा कायदा आला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ४१ फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या. खडकीची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियात गेली. कुलूप नाही लागलं, बाबा बरोबरच होते. पण खडकी बाजारात उभं राहून कोणी नऊ जण आले आणि म्हणाले की सांगा तुमचं काय म्हणणं आहे, तुमचे आकडे दाखवा, असं काही झालं नाही. मला हे ग्रोटनचं कौतुक म्हणून सांगायचं नाहीये. पण फरक आहे आणि तो मला टोचतो.

आता नदीपलीकडची गोष्ट, कारण ग्रोटनची खरी भीती तिथून आली होती. न्यू लंडनमधे फोर्ट ट्रंबल नावाच्या भागात नेव्हीचं पाण्याखालच्या युद्धतंत्राचं संशोधन केंद्र होतं, दीड हजारांवर लोक कामाला. १९९६ मधे ते बंद झालं. दोन वर्षांत शहरातली बेकारी राज्याच्या जवळजवळ दुप्पट झाली आणि लोकसंख्या २४ हजारांच्याही खाली आली, १९२० नंतर एवढी कमी कधीच नव्हती. मग शहराने काय करावं? १९९८ मधे फायझरने शेजारीच ३० कोटी डॉलरचं रिसर्च सेंटर बांधायचं ठरवलं आणि शहर हरखून गेलं. आता हॉटेल, दुकानं, फ्लॅट, ऑफिसं सगळं करू असा ९० एकरांचा प्लॅन केला. त्या प्लॅनमधे काही लोकांची राहती घरं येत होती. नऊ मालक हटून बसले, विकणार नाही म्हणाले. त्यातल्या एक सुझेट केलो, नर्स, गुलाबी रंगाचं छोटंसं घर. शहर म्हणालं सार्वजनिक हितासाठी सक्तीने घेऊ. केस थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि २३ जून २००५ ला पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल लागला.

तारीख बघा. इकडे ग्रोटन तळ वाचवायच्या कागदपत्रांत बुडालेलं, आणि नदीच्या त्या काठावर तळ गेल्यानंतर शहर कुठल्या थराला जातं त्याचा निकाल त्याच उन्हाळ्यात. देशभर त्या निकालावर आरडाओरडा झाला, खाजगी मालमत्तेचा हक्क वगैरे, सेझच्या वेळी आपल्याकडे भूसंपादनावर झाला तसाच. पण फोर्ट ट्रंबलमधे ती हतबलता आली कुठून, त्या बंद पडलेल्या नेव्हीच्या केंद्राची आठवण फार कमी लोकांनी काढली. मला शहराचा राग येतो, घरं पाडून पुढे कित्येक वर्षं तिथे नुसतं गवत वाढलं म्हणून जास्तच येतो. पण दीड हजार नोकऱ्या गेलेल्या शहराच्या कौन्सिलमधे मी बसले असते तर मीही त्या प्लॅनवर सही केली असती का, याचं उत्तर मला धड देता येत नाही.

जुलैच्या ६ तारखेला बोस्टनला कमिशनची सुनावणी झाली. बसेस भरून लोक गेले, आमच्या लॅबमधलेही गेले. मी गेले नाही. कामाचं कारण सांगितलं पण ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे मला कळेना की मी नक्की काय वाचवा म्हणून ओरडू. त्या पाणबुड्या टॉमाहॉक क्षेपणास्त्रं घेऊन फिरतात. इराकचं युद्ध तेव्हा जोरात चालू होतं, आमच्याच काही मैत्रिणींनी त्याविरुद्ध मेणबत्त्या लावल्या होत्या आणि आता त्यांच्याच दारात तळ वाचवा म्हणून बोर्ड लागले होते. एकीला मी चेष्टेत विचारलंही. ती चिडली नाही. म्हणाली, माझ्या शाळेत निम्मी मुलं नेव्हीची आहेत, ती गेली तर दोन वर्ग बंद होतात, त्यातला एक माझा. आता यावर काय बोलणार. खडकीत दारूगोळ्याच्या पगारावर शिकून मी इथवर आले, मला तर बोलायचा अधिकारच नाही खरं म्हणजे. बाबांच्या फॅक्टरीतून निघालेली काडतुसं कुठे जाऊन फुटली हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही. पगार सात तारखेला यायचा.

गंमत म्हणजे ज्यांचा तळ, ते नेव्हीवाले स्वतः यात गप्पच. खलाशी, ऑफिसर, त्यांची बायकापोरं. त्यांना हुकूम येईल तिकडे जायचं. माझ्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायचं, तो पाणबुडीवर. ती म्हणायची नॉरफोकला थंडी कमी असते, बरंच होईल! तळ गेला असता तर तळवाले सुखरूप गेले असते, मागे राहिला असता तो गाव.

२४ ऑगस्टला, बुधवारी, कमिशनने मत घेतलं. टीव्ही लावून सगळे बसलेले. आदल्या काही दिवसांत एक पत्र कमिशनकडे आलं होतं, जिमी कार्टर यांचं. माजी राष्ट्राध्यक्ष, पण त्याआधी पाणबुडीवरचे ऑफिसर, ग्रोटनच्याच सबमरीन स्कूलमधे शिकलेले. आणि मुख्य म्हणजे जॉर्जियाचे, तिथले गव्हर्नर राहिलेले, आणि ग्रोटन बंद झालं असतं तर बऱ्याच पाणबुड्या आणि ते स्कूल जॉर्जियालाच जाणार होतं. तरी माणसाने लिहिलं की ग्रोटन बंद करू नका. त्यांच्या नावाची पाणबुडी त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रोटनमधेच नौदलात दाखल झाली होती, ते स्वतः आले होते. मला राजकारणी लोकांचं फारसं प्रेम नाही पण या पत्राला मी नमस्कार करते. आपल्याकडे एका जिल्ह्यातला प्रकल्प शेजारच्या जिल्ह्यात गेला तर काय होतं ते आठवून बघा.

मत पडलं सात विरुद्ध एक, ग्रोटनच्या बाजूने, नववा तटस्थ. मेन राज्यातलं पोर्ट्समथचं नेव्हीचं शिपयार्डही वाचलं. आणि त्याच दिवशी मेनमधल्याच ब्रन्सविकच्या नेव्हीच्या विमानतळावर मात्र कमिशनने कुलूप लावायचं ठरवलं, पेंटागॉनने तर तिथे फक्त विमानं हलवा म्हटलं होतं. आमच्याकडे रस्त्यावर हॉर्न वाजत होते तेव्हा तीनचार तासांच्या अंतरावर कोणीतरी टीव्ही बंद केला असणार. ब्रन्सविकच्या लोकांनी आकडे कमी तपासले, बोर्ड कमी धरले असं काही नाही. २०११ मधे तो बंद झाला.

ग्रोटन यातून एक धडा शिकलं तो असा की पुढच्या वेळची वाट बघत बसायचं नाही. १९९३ मधेही इथल्या पाणबुड्या हलवायचा प्रस्ताव आला होता आणि तोही कमिशनने फेटाळला होता, म्हणजे हे दुसऱ्यांदा. राज्याने लष्करी विषयांसाठी वेगळं ऑफिस काढलं आणि तळावर स्वतःच्या खिशातून खर्च करायला ५ कोटी डॉलरपर्यंतची मंजुरी दिली. केंद्र सरकारच्या लष्करी तळावर राज्य सरकार पैसे खर्च करणार! कनेक्टिकटचं साधं म्हणणं, तळ जितका नवा तितका बंद करायला महाग. मला ही युक्ती पक्की पुणेरी वाटते, भाडेकरूने घराला स्वखर्चाने रंग लावायचा म्हणजे मालकाला काढता येत नाही.

पण ज्याच्या जोरावर न्यू लंडनने घरं पाडली त्या फायझरचं काय झालं? २००९ मधे त्यांनी जाहीर केलं की न्यू लंडनचं सेंटर सोडतो, १,४०० लोक नदीपलीकडे ग्रोटनला. ती बिल्डिंग २०१० मधे साडेपाच कोटी डॉलरला विकत घेतली कोणी, तर इलेक्ट्रिक बोटने. तिथे आता पाणबुड्यांचं डिझाइन करणारे इंजिनिअर बसतात. नेव्हीचं केंद्र गेलं म्हणून जिथे औषध कंपनी आणली, ती औषध कंपनी गेल्यावर तिथे नेव्हीचंच काम परत आलं. आणि २०११ च्या फेब्रुवारीत फायझरने ग्रोटनमधल्या १,१०० नोकऱ्या कमी करतोय म्हणून सांगितलं. आमच्या ओळखीतली मराठी कुटुंबंच किती होती त्यात. कोणी बोस्टनकडे गेलं, कोणी न्यू जर्सीला, गणपतीला पन्नास पानं व्हायची ती पंधरावर आली.

त्यासाठी सुनावणी झाली नाही. नऊ माणसांचं टेबल नव्हतं, निकष नव्हते, बसेस गेल्या नाहीत, आकडे उकरायला रिटायर्ड कॅप्टन नव्हते. खाजगी कंपनी, तिचा निर्णय, सकाळी ईमेल. सुरुवातीला मला वाटायचं की ब्रॅक ही क्रूर पद्धत आहे, गावाला चार महिने टांगून ठेवते. ग्रोटनमधे माझ्या ओळखीच्या ज्यांनी दोन्ही बघितलं, त्यांना विचारलं तर ते टांगून ठेवणंच बरं म्हणतात. मी त्यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण ब्रन्सविकच्या माणसाला विचारल्याशिवाय पूर्ण नाही होणार.

पेंटागॉनने त्यानंतर बऱ्याचदा नवीन फेरी मागितली आहे, काँग्रेस देत नाही. सध्या तर उलटंच चाललंय. इलेक्ट्रिक बोटमधे २० हजारांच्या वर लोक आहेत, व्हर्जिनिया आणि कोलंबिया अशा दोन क्लासच्या पाणबुड्या एकदम बांधायच्यात आणि वेल्डर मिळत नाहीयेत. ग्रोटनमधे भाड्याने घर मिळणं अवघड झालंय. कॅफेटेरियातल्या त्या बाईंनी घर अजून विकलेलं नाही, वरचा मजला मात्र एका शिकाऊ वेल्डरला दिलाय आणि भाडं ऐकून मीच दचकले.